इंजिन उघडून जोडल्यावर ठिणगी न पडल्यास

गुंजवणी नदीच्या खोऱ्यांतील मार्गासनी व आसपासचीं गांवें हीं मुख्यतः भाताचीं गांवें होत. येथील खातेदाराचें वर्ष चिखलणी आणि लावणी या दोन कामांभोंवतीं फिरतें. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचें झालें कीं तें खाचरांत गेलें पाहिजे. तरव्यांत तें जून झालें तर पुढें फुटवे कमी येतात, आणि ती तूट मागाहून खत देऊन पुरी भरून निघत नाहीं. अशा वेळीं चिखलणीचें किंवा पाणी उपसण्याचें लहान इंजिन बंद राहिलें तर ती केवळ यंत्राची अडचण राहत नाहीं. हंगामाचा प्रश्न होऊन बसतो.

शहाणा शेतकरी हें जाणून वैशाखांतच इंजिनाचें काम काढतो. रिंगा बदलतो, व्हॉल्व्ह घासून घेतो, नवें पॅकिंग घालून सर्व पुन्हां जोडतो. मग दोरी ओढतो, आणि इंजिन लागत नाहीं. प्लग काढून पाहतो तों ठिणगीच नाहीं! येथून पुढें बहुधा एकच प्रकार घडतो. प्रथम नवा प्लग येतो, मग नवी कॉइल येते, आणि तरीही इंजिन गप्पच राहिलें कीं नुकतेंच जोडलेलें इंजिन पुन्हां उघडलें जातें. विजेचा सुटा भाग एकदां बसविला कीं दुकानदार तो बहुधा परत घेत नाहीं. भागासाठीं नसरापूर, भोर किंवा पुणें गांठण्यांत दिवस जातो तो निराळाच.

आमचें सांगणें थोडक्यांत असें : इंजिन उघडण्यापूर्वीं ठिणगी पडत होती व जोडल्यावर ती पडत नाहीं, तर दोष बहुधा मधल्या काळांत आपला हात जेथें लागला तेथेंच असतो. भाग खरेदी करण्यापूर्वीं हाताचा माग काढावा. तो कोणत्या क्रमानें काढावा, हेंच या पाठांत सांगावयाचें आहे.

कोणत्या इंजिनास हें लागू

पुणें जिल्ह्यांत इंजिन म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें डिझेल इंजिन येतें, आणि तें स्वाभाविक आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं पुण्यास स्थापन झाली, व तिच्या इंजिनांनीं या प्रांतांतील कित्येक विहिरींचें पाणी वर काढलें. परंतु डिझेल इंजिनांत ठिणगी मुळींच नसते. त्यांत हवा इतकी दाबली जाते कीं ती दाबानेंच अत्यंत तप्त होते, आणि तींत फवारलेलें इंधन आपोआप पेट घेतें. म्हणून डिझेलचा टिलर किंवा पंप लागत नसेल तर ठिणगीचा विचार सोडून इंधनाचा पंप, नोझल, नळींत शिरलेली हवा आणि सिलिंडरांतील दाब यांकडे पाहावें.

ठिणगीचा प्रश्न पेट्रोलच्या यंत्रांचा आहे : लहान पाणपंप, पॉवर वीडर, गवत व भात कापण्याचीं यंत्रें, पाठीवरील फवारणी यंत्र, तसेच पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याचे जुने पंप. यांपैकीं बहुतेकांस बॅटरी नसते. त्यांची वीज त्यांच्या स्वतःच्या चाकांतच उत्पन्न होते.

ठिणगी कशी उत्पन्न होते

तारेच्या वेटोळ्यांतील चुंबकीय क्षेत्र बदललें कीं त्या तारेंत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलें. याच तत्त्वावर जर्मनींतील रॉबर्ट बॉश यांनीं १८८७ सालीं एका जागीं बसविलेल्या इंजिनासाठीं मॅग्नेटो तयार केला, आणि १९०२ सालीं त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो स्पार्क प्लगसह सिद्ध केला. आपल्या पंपावरील व्यवस्था त्याच कुळांतली आहे.

फ्लायव्हीलच्या कडेंत लोहचुंबक बसविलेला असतो, आणि त्याच्या शेजारीं इंजिनाच्या अंगावर कॉइल असते. कॉइलमध्यें दोन वेटोळीं असतात. एक जाड तारेचें, थोड्या फेऱ्यांचें. दुसरें केसासारख्या बारीक तारेचें, हजारों फेऱ्यांचें. चुंबक जवळून गेला कीं जाड वेटोळ्यांत प्रवाह वाहूं लागतो. तो भर वेगांत असतांना एकदम तोडला म्हणजे बारीक वेटोळ्यांत हजारों व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या फटींत ठिणगी उडते. प्रवाह तोडण्याचें काम जुन्या इंजिनांत सी.बी. पॉइंट करतात, नव्या इंजिनांत तेंच काम कॉइलच्या आंत बसविलेलें ट्रान्झिस्टर करतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी, कारण निम्मा घोटाळा तिच्या अज्ञानांतून होतो. घरांतील दिव्याचें बटण बंद केलें कीं वीज तुटते. मॅग्नेटोच्या इंजिनाचें बटण उलट वागतें. तें बंद केलें म्हणजे कॉइलची तार इंजिनाच्या अंगाशीं, म्हणजे अर्थशीं, जोडली जाते आणि ठिणगी मरते. यावरून उघड होतें कीं ही बारीक तार तुटली तर इंजिन चालूच राहील; परंतु ती कोठें चिमटून तिचें आवरण फाटलें आणि ती लोखंडास टेकली, तर बटण चालूकडे असूनही ठिणगी पडणार नाहीं. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांत बहुधा याच्या उलट असतें, म्हणून मोटारगाडीचा अनुभव येथें जसाच्या तसा लावूं नये.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. कॉइल, चुंबक आणि बटणाची तार हीं तिन्ही बहुतेक लहान इंजिनांत बाहेरच्या अंगास असतात. चार फेरी इंजिनांतही मॅग्नेटो फ्लायव्हीलच्या प्रत्येक फेऱ्यास ठिणगी देतो. यास्तव व्हॉल्व्हचीं चाकें एखाद्या दांत्यानें चुकून बसलीं तर इंजिन लागणार नाहीं, पण त्यामुळें ठिणगी नाहींशी होणार नाहीं. ठिणगी नाहीं म्हणून इंजिनाचें पोट पुन्हां उघडणें हें म्हणूनच व्यर्थ होय. ज्या जुन्या इंजिनांत पॉइंट कॅमच्या दांड्यावर चालतात तीं मात्र या नियमास अपवाद आहेत.

तपासणीपूर्वींची तयारी

पेट्रोलचा कॉक बंद करावा, सांडलेलें पेट्रोल पुसून काढावें, आणि प्लगच्या छिद्रांतून उडणारी वाफ निघून जाऊं द्यावी. ठिणगी पाहण्याची जागा त्या छिद्रापासून दूर ठेवावी. प्लग हातांत धरून ठिणगी पाहण्याची संवय सोडावी. हा धक्का जोराचा असतो, आणि त्यानें दचकून हात फिरत्या चाकांत जाण्याचें भय असतें. प्लगचा लोखंडी भाग एका जाड तारेनें इंजिनाच्या रंग नसलेल्या जागेशीं घट्ट जोडावा व मगच दोरी ओढावी. प्लगची कॅप मोकळी लोंबत ठेवून इंजिन फिरवूं नये. ठिणगीस वाट मिळाली नाहीं तर ती कॉइलच्या आंतील आवरण फोडून वाट काढते, आणि चांगली कॉइल तपासणींतच कामास येते.

काम सावलींत करावें. भर उन्हांत बारीक ठिणगी दिसत नाहीं आणि नसलेला दोष दिसतो. तसेंच नव्या रिंगांचें इंजिन जड फिरतें, आणि कांहीं विशिष्ट वेगाखालीं मॅग्नेटो ठिणगी देत नाहीं. ठिणगी पाहतांना प्लग बाहेर काढलेला असतोच. त्यामुळें दाब नसतो व चाक मोकळें फिरतें. तेव्हां दोरी पूर्ण व जोरानें ओढावी.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी, प्लग. चालू असलेल्या दुसऱ्या यंत्राचा प्लग घ्यावा. नवा प्लगही दोषी असूं शकतो, चालता प्लग मात्र पारखलेला असतो. फट पुस्तिकेप्रमाणें ठेवावी. लहान इंजिनांत ती बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. ठिणगी निळसर व कडक आवाजाची असावी. पिवळट आणि मलूल ठिणगी उघड्या हवेंत दिसली तरी सिलिंडरांतील दाबाखालीं ती उडेलच असें नाहीं, कारण दाबलेल्या हवेंतून उडी मारण्यास अधिक व्होल्ट लागतात.

दुसरी पायरी, प्लगची कॅप. इंजिन उतरवितांना कॅप ओढली जाते, आणि तिच्या आंतील स्क्रू तारेच्या गाभ्यापासून सुटतो. ज्या इंजिनांत कॅप फिरवून निघते तेथें ती काढावी, तारेचें टोंक पाव इंच कापून ताजें करावें, व कॅप पुन्हां घट्ट फिरवून बसवावी.

तिसरी पायरी, बटणाची तार. आमच्या मतें सर्व तपासणींत हीच पायरी सर्वांत फलदायी आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाहीं. कॉइलकडे येणारी बटणाची बारीक तार कॉइलपाशींच सोडवून बाजूस धरावी, तिचें टोंक कोठेंही टेकूं देऊं नये, आणि दोरी ओढावी. ठिणगी आली तर कॉइल, चुंबक, पॉइंट हीं सर्व निर्दोष ठरलीं. दोष त्या तारेंत, बटणांत किंवा त्यांना जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या भागांत आहे. पत्र्याचें आवरण बसवितांना ही तार त्याच्या कडेखालीं किंवा बोल्टाखालीं चिमटली जाते, हें नेहमींचें कारण होय. ही तार सोडलेली असतांना इंजिन बटणानें थांबत नाहीं. म्हणून या अवस्थेंत प्लग बाहेर ठेवूनच चाक फिरवावें, व परीक्षा झाल्यावर तार दुरुस्त करून पुन्हां जोडावी.

चौथी पायरी, कॉइलची अर्थ. कॉइलचे पाय इंजिनाच्या अंगास टेकतात तीच तिची परतीची वाट असते. दुरुस्तीच्या वेळीं इंजिनास हौसेनें रंग दिला, किंवा पॅकिंगचें मलम त्या जागीं पसरलें, कीं ही वाट अडते. दोन्ही पृष्ठभाग कानशीनें किंवा पॉलिश पेपरनें चकचकीत करावे व बोल्ट आंवळावे.

पांचवी पायरी, कॉइल व चुंबक यांतील अंतर. हें बहुतेक इंजिनांत ०.२५ ते ०.४ मिलिमीटर असतें; नेमका आंकडा पुस्तिकेंत पाहावा. फीलर गेज नसल्यास साधारण जाडीचें भेटीचें कार्ड चालतें. चुंबक कॉइलसमोर आणावा, मध्यें कार्ड ठेवावें, कॉइलचे बोल्ट सैल करून चुंबकास ती ओढूं द्यावी, बोल्ट आंवळावे आणि चाक फिरवून कार्ड काढून घ्यावें. कॉइल उलटी तर बसली नाहीं ना, हेंही येथेंच पाहावें. कांहीं कॉइलवर सिलिंडरकडील बाजू छापलेली असते.

सहावी पायरी, चुंबक व पॉइंट. फ्लायव्हील काढतांना त्यावर हातोडा मारला गेला असेल तर चुंबक क्षीण होण्याचा किंवा निखळण्याचा संभव असतो. स्क्रू-ड्रायव्हर दांड्याकडून सैल धरून त्याचें टोंक चुंबकापासून सुमारें दोन सेंटिमीटरवर न्यावें. चांगला चुंबक तें ओढून घेतो. पॉइंटच्या इंजिनांत नव्या पॉइंटवर गंजरोधक तेलाचा पातळ थर असतो, अथवा जोडतांना तेलकट बोट लागतें. तेवढ्यानेंही प्रवाह अडतो. कोरडें, स्वच्छ कार्ड पॉइंटच्या मधून ओढून घ्यावें, आणि पॉइंट पूर्ण उघडे असतांना फट बहुधा ०.३ ते ०.४ मिलिमीटर आहे हें पाहावें. पॉइंट उघडतांना त्यांच्यामध्येंच मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर संशयित धरावा.

इतक्यावरही ठिणगी आली नाहीं तरच कॉइलवर बोट ठेवावें. मीटर असल्यास दोन्ही वेटोळ्यांचा रोध पुस्तिकेंतील आंकड्यांशीं ताडून पाहावा. तथापि ट्रान्झिस्टरच्या कॉइलचा निवाडा मीटर पुरता करीत नाहीं. तेथें त्याच जातीच्या चालत्या इंजिनाची कॉइल तात्पुरती लावून पाहणें हीच खरी परीक्षा. शेजारधर्माचा असा उपयोग करून घेण्यांत संकोच नको.

एक उदाहरण

समजा, मार्गासनी येथील एका खातेदारानें पाण्याच्या पंपाच्या पेट्रोल इंजिनास नव्या रिंगा घातल्या, तें बांधावर आणून ठेवलें, आणि ठिणगी पडत नाहीं असें त्यास आढळलें. तो क्रमानें चालला. शेजाऱ्याच्या यंत्राचा चालता प्लग लावला, ठिणगी नाहीं. कॅप नव्यानें बसविली, ठिणगी नाहीं. बटणाची तार कॉइलपासून सोडली, आणि कडक निळी ठिणगी उडाली. म्हणजे कॉइल निर्दोष ठरली व तिचे पैसे वांचले.

आतां तार पुन्हां जोडून त्यानें तिच्या दोन शाखा पाहिल्या. एक बटणाकडे जाते. दुसरी क्रँककेसमधील तेलाच्या सूचकाकडे. बटणाची शाखा सोडली तरी ठिणगी नाहीं. ती परत लावून सूचकाची शाखा सोडली, तो ठिणगी आली. तार कोठें चिमटली आहे काय हें त्यानें पाहिलें. ती धड होती. मग त्यानें इंजिन सपाट जागीं ठेवून तेलाची पट्टी काढली. तेल खुणेच्या खालीं होतें. जोडणीनंतर तेल अंदाजानें ओतलें होतें, आणि बांधाच्या उतारावर इंजिन कललेलें असल्यामुळें सूचकाजवळील पातळी आणखीच उतरली होती. खुणेपर्यंत तेल भरतांच, सर्व तारा जागेवर असतांना, ठिणगी पडूं लागली.

या उदाहरणांत एक धोक्याची जागा आहे. सूचकाची तार सोडल्यावर ठिणगी आली, तेव्हां ती तार कापून टाकून इंजिन चालवावें असा मोह होतो, आणि असा सल्ला देणारे लोकही भेटतात. येथें सूचकानें ठिणगी अडविली हा त्याचा दोष नव्हता. तें त्याचें कर्तव्यच होतें. तार कापून तें इंजिन चालविलें असतें तर अपुऱ्या तेलावर नव्या रिंगा व सिलिंडर खरवडले जाऊन सगळी दुरुस्ती थोड्याच वेळांत मातींत गेली असती. ठिणगी परत आली एवढ्यानें तपास संपत नाहीं. ती कां गेली होती हें कळलें म्हणजे तो संपतो.

ठिणगी आहे, परंतु इंजिन लागत नाहीं

कित्येकदां ठिणगी कडक असते, पेट्रोल येत असतें, तरीही इंजिन लागत नाहीं. उलट दोरी हातांतून हिसका मारते किंवा कार्ब्युरेटरमधून फटाका उडतो. तेव्हां ठिणगी अवेळीं पडत आहे असा संशय घ्यावा. फ्लायव्हील व क्रँकचा दांडा यांमध्यें लहानशी चावी असते. नट पुरता आंवळला गेला नाहीं, किंवा दांड्याच्या निमुळत्या भागावर तेल राहिलें, तर चाक घसरतें आणि मऊ धातूची ती चावी अर्धवट कापली जाते. चावी कापली गेल्यास तीच जातीची नवी घालावी. खिळा किंवा कठीण पोलादाचा तुकडा ठोकूं नये. चावी मऊ असते ती संकटसमयीं स्वतः तुटून क्रँक वांचावा म्हणूनच. निमुळता भाग कोरड्या फडक्यानें पुसावा व नट पुस्तिकेंतील मापानें आंवळावा. चावी शाबूत असेल तरच व्हॉल्व्हच्या चाकांवरील खुणांकडे वळावें.

पुढील खेपेसाठीं

इंजिन उघडण्यापूर्वीं ठिणगी पाहून ती कशी आहे हें वहींत टिपून ठेवावें; तीच पुढील तुलनेची मोजपट्टी होते. प्रत्येक तार सोडण्यापूर्वीं मोबाईलवर तिचें छायाचित्र घ्यावें, अथवा तिला रंगीत दोरा बांधावा. चावी, लहान स्क्रू व वॉशर एका झांकणाच्या डब्यांत ठेवावे. फ्लायव्हील काढण्यास पुलर वापरावा, हातोडा नव्हे. जोडणीच्या वेळीं पत्र्याचें बाहेरील आवरण बसविण्यापूर्वीं एकदां व बसविल्यानंतर एकदां ठिणगी पाहावी. पहिल्या वेळीं ती असून दुसऱ्या वेळीं नसेल, तर दोष त्या आवरणाखालींच चिमटला आहे हें शोधाशोध न करतां कळतें.

आणि हें काम मृग जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत लागण्याच्या आदल्या दिवशीं काढूं नये. निदान रोहिणीपूर्वीं, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापूर्वीं, इंजिन जोडून, तेल भरून, एक दिवस पाण्यावर चालवून पाहावें. आंबेमोहोर असो कीं इंद्रायणी, तरव्यांतील रोप आपल्या इंजिनाची वाट पाहत थांबत नाहीं. शेतकऱ्यास कारागीर होण्याची गरज नाहीं. परंतु प्लगपासून मागें मागें कॉइलपर्यंत क्रमानें जाण्याची संवय त्यानें लावून घेतली, तर कारागिराकडे जातांनाही तो दोष कोठें नाहीं हें निश्चित सांगूं शकेल. तेवढ्यानेंच दुरुस्तीचा अर्धा खर्च आणि हंगामांतील मोलाचे दिवस वांचतील.